सारी गावातला घरगुती मुक्काम : चैतातल्या लहरी हवेत किती उतरतो?

चोपता-तुंगनाथला जाणारे बहुतेक मराठी ट्रेकर सारी गावाला देवरिया तालच्या वाटेवरचा थांबा समजतात. गाडीतून उतरायचं, काठी घ्यायची, तळं बघायचं आणि पुढे निघायचं. उत्तराखंडमधल्या रुद्रप्रयाग जिल्ह्यातलं, साधारण २००० मीटर उंचीवरचं हे गाव उखीमठ-चोपता रस्त्यावरच्या मस्तुरा फाट्यापासून थोडं आत आहे. गावातल्या बऱ्याच घरांनी दोन-चार खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या आहेत. हा अभिप्राय त्यातल्या एखाद्या घराचा नाही, म्हणून नावही दिलेलं नाही. मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत इथे राहायचं तर पैशाच्या मोबदल्यात काय पदरात पडतं आणि खोली घेताना काय बघून घ्यायचं, एवढाच विषय आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथलं कुठलंही घर छान वाटतं, कारण आकाश निळं आणि हवा कोरडी असते. घराचा कस लागतो तो वसंतात, आणि तोही दुपारी दोननंतर.

या दिवसांत पाऊस दोन तऱ्हांनी येतो. पहिला रोजचा. सकाळी दहापर्यंत लख्ख, अकराच्या सुमारास दरीतून ढग वर सरकू लागतात, दीड-दोनला गडगडाट, मग सरी किंवा गारा, आणि पाच वाजता पुन्हा उघडीप. आपल्याकडच्या वळवासारखाच, फक्त बोचऱ्या थंडीचा. दुसरा पश्चिमी झंझावाताचा, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या मोठ्या पावसाळी वादळाचा. हा सांगून येतो. आदल्या दिवशी उंचावर पातळ पांढरा पडदा धरतो, सूर्याला किंवा चंद्राला खळं पडतं, आणि मग एक ते तीन दिवस सकाळ-दुपार असा भेदच राहत नाही. पहिल्या प्रकारात पहाटे निघून सगळं साधतं. दुसऱ्यात घरात बसून राहावं लागतं, आणि तेव्हा कळतं की आपण खोली घेतली आहे की नुसत्या चार भिंती.

उंचीचं गणितही डोक्यात ठेवावं. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. सारीपासून तुंगनाथचं देऊळ (३६८० मीटर) जवळपास सतराशे मीटर वर, म्हणजे अकरा अंशांचा फरक. सारीत दहा अंशांवर पाऊस पडत असेल तर वर नक्की बर्फ पडतोय. एप्रिलच्या मध्यातही हे होतं, आणि ‘आता तर उन्हाळा लागला’ म्हणत नुसतं विंडचीटर घेऊन आलेले लोक चोपत्यात दुकानांच्या वळचणीला कुडकुडत उभे दिसतात.

खोल्या दोन प्रकारच्या आहेत. जुनी घरं दगडाची, लाकडी तक्तपोशीची, छपरावर पठाल म्हणजे दगडी फरश्या. दार इतकं बुटकं की सहा फुटी माणसाने पहिल्या रात्री दोनदा तरी कपाळ आपटून घ्यावं. नव्या खोल्या विटा-सिमेंटच्या, वर स्लॅब किंवा पत्रा, आत टाइल्स, जोडून संडास-बाथरूम. फोटोत नव्या खोल्या उजव्या दिसतात आणि भाडंही त्यांचंच जास्त. पण वसंतातल्या दमट थंडीत जुनी खोली सरस ठरते. जाड दगडी भिंत दिवसाची ऊब धरून ठेवते, लाकडी जमीन पायाला गार लागत नाही. सिमेंटच्या खोलीत रात्री दारं-खिडक्या बंद केल्या की श्वासाची वाफ थंड भिंतीवर धरते आणि सकाळी उशीमागचा रंग ओला लागतो. पत्र्याखालची खोली असेल तर गारपिटीत शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. संडासासाठी अंगण ओलांडायला हरकत नसेल तर जुनी खोली घ्या. सोबत वयस्कर माणसं असतील तर मात्र जोडलेल्या बाथरूमची खोली घ्यावी, आणि ती शक्यतो स्लॅबखालची, पूर्वेला किंवा दक्षिणेला खिडकी असलेली.

खोली बघताना सगळ्यात आधी रजाईला हात लावावा. कापसाची जड रजाई दमट हवेत ओल पिते. वरून कोरडी वाटते, पण आत शिरलं की पंधरा मिनिटं अंग तापतच नाही. घडीच्या आत हात घालून बघा, तिथे गार आणि किंचित चिकट लागलं तर ती उन्हात गेलेली नाही. चांगल्या घरात सकाळी नऊ ते बारा या वेळात रजाया गच्चीच्या कठड्यावर किंवा पठालांवर पसरलेल्या दिसतात आणि पहिला गडगडाट झाला की घरातलं कोणीतरी धावत जाऊन त्या उचलतं. खोली बघायला शक्य तर त्याच वेळी जावं, कारण ज्या घराच्या रजाया उन्हात दिसतात तिथे बाकीचंही सहसा ठीक असतं. एका माणसाला एक रजाई आणि एक ब्लँकेट मार्चमध्ये कमी पडतं. दोन रजाया आधीच मागून ठेवाव्यात, कारण रात्री दहानंतर गावात सगळे झोपलेले असतात. अंगाला लागेल अशी स्वतःची सुती चादर किंवा स्लीपिंग बॅगचं अस्तर न्यावं. रजाईची खोळ दर पाहुण्यामागे धुतली जाते असं समजू नये. पावसाळी आठवड्यात ती वाळणार कुठे?

गरम पाण्याची सोय तीन प्रकारची असते. विजेचा गिझर असतो, पण गडगडाट सुरू झाला की वीज जाते, म्हणजे नेमकं तुम्ही भिजून आल्यावर. गॅस गिझर वीज नसतानाही चालतो, मात्र तो बाथरूमच्या आत बसवला असेल आणि भिंतीला वर उघडं भोक किंवा झडपेची खिडकी नसेल तर तो चालू ठेवून आंघोळ करू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस गुंगीत जातो आणि दार आतून बंद असतं. दार उघडं ठेवून बादली भरून घ्यावी आणि गिझर बंद करून मगच आंघोळीला आत जावं. तिसरी सोय लाकडावर तापणाऱ्या पाण्याची, आपल्या जुन्या बंबासारखी. हीच सगळ्यात भरवशाची. फक्त बादली आदल्या रात्री सांगून ठेवावी लागते, आणि काही घरं तिचे वेगळे पैसे लावतात. ते लावणं रास्त आहे. लाकूड पाठीवरून येतं.

हीटरची अपेक्षा ठेवू नका. दोन हजार वॉटचा हीटर लावला की घराचा फ्यूज उडतो, म्हणून घरमालक सरळ नाही म्हणतात आणि बरोबरच म्हणतात. काही ठिकाणी आग्रह केला तर निखाऱ्यांची शेगडी खोलीत आणून देतात. ती अंगणात किंवा ओसरीवर शेकायला घ्या, झोपायच्या खोलीत नको. बंद खोलीतल्या शेगडीने डोंगराळ भागात दर थंडीत माणसं दगावतात. पोटाशी गरम पाण्याची बाटली घेऊन झोपणं हा त्यावरचा स्वस्त आणि बिनधोक उपाय. साधी स्टीलची घट्ट झाकणाची बाटली, वर लोकरी मोजा चढवलेला.

ओल्या बुटांचा प्रश्न प्रत्येकाला पडतो. चुलीजवळ ठेवायचा मोह होतो, पण तळव्याचा चिकट थर उष्णतेने सुटतो आणि दुसऱ्या दिवशी बर्फात सोल तोंड उघडून बसतो. आतला तळवा काढायचा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, तासाभराने बदलायचे, आणि चुलीपासून हात-दीड हात लांब, आडवे ठेवायचे. वर्तमानपत्र घरून न्यावं, तिथे जुनी रद्दी सहज मिळत नाही. कपड्यांसाठी बहुतेक घरं स्वयंपाकघरात किंवा व्हरांड्यात दोरी देतात. दोरी आहे का, हे विचारायला लाजू नये. पावसाळी दिवसांत वायफायपेक्षा तिचा उपयोग जास्त.

आता स्वयंपाकघर. या मुक्कामातली सगळ्यात जमेची बाजू हीच, आणि याच कारणासाठी चोपत्याच्या रस्त्याकडेच्या तंबूंपेक्षा सारीतलं घर बरं. चहा-भाजी गॅसवर, पण रोट्या आणि दूध चुलीवर. पाहुण्यांना चुलीपाशी बसू देतात, मात्र चपला बाहेर काढायच्या आणि चुलीच्या आतल्या बाजूला आपणहून जायचं नाही. घरधनिणीला दीदी आणि घरधन्याला भैजी म्हटलं की पुढचं सोपं होतं.

न सांगता मिळेल ते राजमा-भात, बटाट्याची भाजी, मॅगी. पाहुण्याला हेच आवडतं असा सगळ्यांचा समज आहे आणि तो आपणच करून दिलेला आहे. पहाडी जेवण हवं असेल तर सकाळी सांगा, रात्री मिळेल. मंडुव्याची रोटी म्हणजे आपली नाचणीची भाकरी, फक्त बहुतेक घरांत गव्हाचं पीठ मिसळून लाटलेली. वरून घरचं तूप. गहत म्हणजे कुळीथ. तो रात्रभर भिजवून, पाट्यावर वाटून, थोडं वाटण तव्यावर टिक्क्यांसारखं भाजून आणि उरलेलं पाण्यात कालवून फाणू करतात. कोकणातल्या पिठल्याची सवय असलेल्याला हा दाट फाणू लगेच पटतो. फोडणीला जख्या असतो, मोहरीपेक्षा बारीक, काळपट दाणे. आपल्याकडे माळावर उगवणाऱ्या पिवळ्या तिळवणीचं हे बी. तेल पुरेसं तापलं नाही तर ते कचकचीत आणि कडवट राहतं, नीट तडतडलं तर बटाट्याच्या साध्या भाजीलाही खमंग कुरकुरीतपणा येतो. चैंसू भाजलेल्या उडदाच्या भरड पिठाचं. रात्री ते जड पडतं, पहाटे चढायचं असेल तर टाळा.

वसंतातली खास भाजी कंडाळीची. अंगाला लागली की विंचू डसल्यासारखी आग करणारी ही वनस्पती, म्हणून तिचे कोवळे शेंडे चिमट्याने खुडतात. उकळत्या पाण्यात पडली की काटे मऊ पडतात, मग घोटून थोडं तांदळाचं पीठ लावून शिजवतात. फुलोरा आलेली जून कंडाळी घेत नाहीत. एप्रिलच्या शेवटाला लिंगडा, म्हणजे नेच्याचे गुंडाळलेले कोंब, येऊ लागतात. सोबत लसूण, हिरवी मिरची आणि कोथिंबीर मिठात वाटून केलेलं पिस्यूं लूण असतंच. ते काकडी-मुळ्याबरोबर द्यायची पद्धत, पण भाकरीबरोबर ठेच्यासारखं मागून घ्या, देतात. चहा मात्र पाकासारखा गोड. ‘चीनी कम’ म्हटलं तरी गोडच येतो, ‘बिना चीनी’ म्हटलं की बेताचा येतो.

बुरांशबद्दल थोडं सविस्तर, कारण मार्च-एप्रिलला माणसं त्यासाठीच येतात आणि फसतातही. बुरांश म्हणजे लाल ऱ्होडोडेंड्रॉन, उत्तराखंडचा राज्यवृक्ष. तो खालून वर फुलत जातो. सारीच्या आसपास मार्चमध्ये लालभडक बहर असतो तेव्हा चोपत्यात कळ्याही मिटलेल्या असतात. तिथे बहर एप्रिलमध्ये, आणि तुंगनाथच्या वाटेवर वरच्या अंगाला गुलाबी-फिकट फुलांच्या जाती त्याहूनही उशिरा. त्यामुळे ‘बहर संपला का’ हा प्रश्न गावाच्या नावाशिवाय विचारण्यात अर्थ नाही. जोरदार गारपीट झाली की त्या पट्ट्यातली फुलं एका दुपारीत झडतात. तसं झालं तर तीनशे-चारशे मीटर वरच्या जंगलात बघावं.

घरगुती शरबत बाजारच्या बाटलीपेक्षा चांगलं मिळू शकतं. करतात असं : पाकळ्या वेगळ्या काढून पुंकेसर आणि हिरवा देठ टाकायचा, धुवायच्या, बुडतील एवढ्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उकळायच्या, गाळून रसाच्या वजनाएवढी साखर, शेवटी लिंबू. पुंकेसर राहिले तर शरबत तुरट होतं. खरा रस गडद, किंचित तपकिरीकडे झुकलेला असतो आणि महिन्या-दोन महिन्यांत आणखी काळवंडतो. काचेवर गुलाबी डाग सोडणारा, दिव्यासारखा लाल रस दिसला तर त्यात रंग आहे असं धरून चाला. एक भाग रसाला चार भाग पाणी बरोबर बसतं. आणि फुलं स्वतः तोडायला जाऊ नका. आजूबाजूचं बरंचसं जंगल १९७२ साली जाहीर झालेल्या केदारनाथ वन्यजीव अभयारण्यात मोडतं, तिथून काहीही तोडून आणायला मनाई आहे.

मार्चच्या मध्याला, चैत्र संक्रांतीला फूलदेई येते. यांचा चैत सौर, त्यामुळे तो आपल्या पाडव्याची वाट बघत नाही. पोरं पहाटे टोपल्यांतून पिवळी फ्योंली आणि बुरांश घेऊन घरोघरी उंबऱ्यावर फुलं ठेवतात आणि त्यांना तांदूळ, गूळ, पैसे देतात. पाहुण्याने करायचं एवढंच की रात्री दारातले बूट बाजूला सारून उंबरा मोकळा ठेवायचा. कॅमेरा घेऊन पोरांच्या मागे धावणारे पाहुणे हल्ली दिसतात. ते टाळलेलं बरं.

फिरण्याच्या बाबतीत घरमालकाचा सल्ला हा या मुक्कामाचा न छापलेला भाग. देवरिया ताल (सुमारे २४४० मीटर) गावातून अडीच किलोमीटरच्या आत, पण चढ सलग आहे, दीड तास धरा. चौखंब्याचं (७१३८ मीटर) प्रतिबिंब सकाळी वारा सुटायच्या आत दिसतं, म्हणून साडेपाचला निघावं. दुपारी गेलात तर ढगांचं प्रतिबिंब बघाल. तंबू ठोकायच्या कल्पना सोडून द्या. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. गावात झोपून पहाटे चढणं एवीतेवी सोयीचंच आहे.

तुंगनाथसाठी सारीतून गाडीने चोपत्याला, तिथून साडेतीन-चार किलोमीटर फरसबंद वाट. मार्चमध्ये, कित्येकदा एप्रिलमध्येही, ही फरसबंदी बर्फाखाली असते. पहाटेचा बर्फ काचेसारखा कडक, दहानंतरचा भुसभुशीत, गुडघ्यापर्यंत पाय जातो. त्यामुळे पहाटे चढायचं आणि बर्फ मऊ पडायच्या सुमाराला उतरणीला लागायचं. चोपत्यात बुटांखाली लावायचे साखळीचे काटे भाड्याने मिळतात. घेताना रबर ताणून बघा, टाचेपाशी बारीक चिरा असतील तर दुसरी जोडी मागा. तेच तुटतं आणि उतरताना तुटतं. देऊळ या दिवसांत बहुतेक बंद असतं, देव मक्कूमठला, म्हणजे हिवाळ्यातल्या गादीच्या गावी. कपाट, म्हणजे देवळाचं दार, उघडण्याची तारीख बैसाखीला, १३-१४ एप्रिलच्या सुमाराला, जाहीर होते. दर्शनच हवं असेल तर मेमध्ये या. गडगडाट ऐकू आला की देवळाच्या वरचा चंद्रशिलेचा माथा सोडून द्यायचा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं, पण त्याला नेटवर्क लागतं, आणि ते वर असेलच असं नाही.

म्हणूनच घरमालक महत्त्वाचा. संध्याकाळी आकाश बघून ‘कल मत जाओ, परसों जाना’ असं जो सांगतो त्याच्याकडे राहावं, मग त्याच्या बाथरूमची फरशी उखडलेली का असेना. जो प्रत्येक प्रश्नाला ‘हो जाएगा सर’ म्हणतो, तो गाडीच्या कमिशनवर बोलतोय.

उणिवाही आहेत. शनिवार-रविवारी दिल्लीकडची गर्दी येते, आणि रात्री अकरापर्यंत स्पीकर चालू असला तरी घरमालक पाहुण्यांना फारसं बोलत नाहीत. सोमवार ते गुरुवार गाव वेगळंच असतं. वीज गेली की टॉवरही थोड्या वेळाने मान टाकतो, त्यामुळे घरून काम करायचा बेत इथे चालत नाही. ऑनलाइन फोटो जवळजवळ सगळे ऑक्टोबरचे. खिडकीतून हिमशिखर दिसतं ते खरं, पण वसंतात ते सकाळचे तीन-चार तास. ‘माउंटन व्ह्यू’चे जादा पैसे मागितले तर घासाघीस करायला हे पुरेसं कारण आहे.

दर साधारण दोन वेळचं जेवण आणि नाश्ता धरून माणशी हजार ते पंधराशेच्या दरम्यान बोलले जातात, आणि मधल्या वारी कमी होतात. फोनवर तीन गोष्टी स्पष्ट करून घ्या : दर माणशी की खोलीमागे, गरम पाणी त्यात धरलंय का, आणि वादळामुळे उशीर झाला तर आगाऊ रक्कम पुढच्या दिवसावर सरकते का. शेवटचा मुद्दा काल्पनिक नाही. गढवालमधलं श्रीनगर आणि रुद्रप्रयाग यांच्या मधला सिरोबगडचा पट्टा पावसात दरड कोसळण्यासाठी कुप्रसिद्ध आहे, आणि तिथे तासन् तास अडकायला होतं. ऋषिकेशहून पहाटेची बस धरली तर रुद्रप्रयागपर्यंत साधारण १४० किलोमीटर, पुढे उखीमठपर्यंत शेअर जीप चाळीसेक किलोमीटर. दुपारनंतर जीप कमी होतात आणि अंधार पडल्यावर मिळतच नाहीत, म्हणून उशीर झाला तर रुद्रप्रयागलाच मुक्काम करावा. परतीचं विमान किंवा गाडी आणि सारी सोडण्याचा दिवस यांत एक मोकळा दिवस ठेवा. रोख पैसे उखीमठच्या आधीच काढून घ्या. यूपीआय चालतं, पण वीज आणि टॉवर असेल तेव्हा. निघताना दीदीकडून मंडुव्याचं पीठ घेणार असाल तर ताजं दळलेलं, किलो-दोन किलोच घ्या. जख्या मात्र वर्षभर टिकतो, पाव किलो पुष्कळ झाला.